उसने गाणे, आपला सूर

गाजलेले पॉप गाणे एखादा अनोळखी कलावंत नुसत्या गिटारवर, संथ लयीत गातो आणि ते जणू नवेच होऊन जाते. गेल्या दोन-अडीच दशकांत अशा 'कव्हर' गाण्यांनी अनेक नव्या गायक-गीतकारांना पहिला श्रोता मिळवून दिला. त्याचबरोबर गाणे नेमके कोणाचे, श्रेय कोणाचे आणि पैसा कोणाचा, हे प्रश्नही पुढे आणले. त्यांचा हा वेध...

सॅन फ्रान्सिस्को शहरातील एक उतरता रस्ता. माथ्यावरून सोडून दिलेले रंगीबेरंगी चेंडू उन्हात चमकत, मोटारींच्या टपांवरून उसळत संथपणे खाली येत आहेत. ऐकू येते ती केवळ एक गिटार आणि तिच्या सोबतीने जणू स्वतःशीच गुणगुणणारा एक गळा. सोनी कंपनीच्या 'ब्राव्हिया' दूरचित्रवाणी संचांची ही जाहिरात २००५ साली झळकली. तिच्यासाठी अडीच लाख चेंडू खरोखरच रस्त्यावर सोडण्यात आले होते. पण चेंडूंइतकेच लोकांच्या मनात घर केले ते त्या गाण्याने. गाणे होते 'हार्टबीट्स' आणि गायक होता होसे गोन्झालेस.

गोन्झालेस हा स्वीडनमधील गोथेनबर्गचा. १९७६च्या लष्करी उठावानंतर अर्जेंटिना सोडून आलेल्या कुटुंबातला. जीवरसायनशास्त्रात संशोधन करता करता त्याने 'व्हेनियर' हा अल्बम तयार केला आणि तो २००३ साली निघाला. त्यातील बहुतेक गाणी त्याची स्वतःची होती. जगाला त्याचे नाव कळले ते मात्र ज्या गाण्यामुळे, ते त्याचे नव्हतेच! 'द नाइफ' या नावाने गाणाऱ्या स्वीडिश भावंडांच्या जोडीने ते रचले होते. सिंथेसायझरचे चकचकीत नाद, नाचायला लावणारा ठेका असा त्याचा मूळ थाट. गोन्झालेसने ठेका काढून टाकला, यंत्रे बाजूला ठेवली आणि शब्द व चाल तेवढी राखून गाणे गिटारच्या सहा तारांवर आणून बसवले. ब्रिटनच्या लोकप्रियता यादीत हे गाणे पहिल्या दहांत पोहोचले आणि त्यामागोमाग त्याच्या स्वतःच्या गाण्यांनाही श्रोते मिळू लागले.

दुसऱ्याच्या गाण्याचे बोट धरून स्वतःच्या गाण्यापर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग आज जगभरच्या होतकरू गायकांनी पत्करला आहे. तो वाटतो तितका सरळ नाही. त्यात कला आहे, कायदा आहे, व्यवहार आहे आणि अडकून पडण्याचा धोकाही आहे.

एका गाण्याचे दोन मालक

एकाने गाऊन ध्वनिमुद्रित केलेले गाणे दुसऱ्या कलावंताने आपल्या पद्धतीने पुन्हा सादर केले की त्याला पाश्चात्त्य संगीतव्यवहारात 'कव्हर' म्हणतात. 'इंडी' हा 'इंडिपेंडंट' या शब्दाचा संक्षेप. बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या छत्राबाहेर राहून, छोट्या कंपन्यांमार्फत किंवा स्वतःच्या बळावर गाणी काढणारे ते इंडी कलावंत. पुढे त्यांच्या साध्या, घरगुती वाटणाऱ्या शैलीलाही हेच नाव पडले.

तिसरा शब्द 'सिंगर-साँगरायटर'. त्याला 'गायक-गीतकार' म्हटले तरी आपल्याकडे अर्थ पुरता पोहोचत नाही. कारण चित्रपटसंगीताने आपल्याला गीतकार, संगीतकार आणि गायक असे तीन वेगवेगळे मानकरी पाहण्याची सवय लावली आहे. येथे शब्द, चाल आणि गळा हे तिन्ही एकाच व्यक्तीचे. मराठी वाचकाला अधिक जवळचा शब्द सापडतो तो थेट तेराव्या शतकात. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शारंगदेवाने 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात 'वाक्' आणि 'गेय' या दोहोंची रचना करणाऱ्याला 'वाग्गेयकार' म्हटले आहे. हातात गिटार घेऊन आपलीच गाणी गाणारा आजचा तरुण हा एका अर्थी वाग्गेयकारच होय.

कव्हरचा सारा व्यवहार समजून घ्यायचा तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एका गाण्यात दोन स्वतंत्र मालमत्ता असतात. पहिली रचना, म्हणजे शब्द आणि चाल, ती रचनाकाराची. दुसरी त्या रचनेचे एखादे विशिष्ट ध्वनिमुद्रण. ते बहुधा कंपनीचे किंवा ते स्वखर्चाने करणाऱ्या कलावंताचे. 'हार्टबीट्स'ची रचना 'द नाइफ'ची, पण त्या जाहिरातीत वाजलेले ध्वनिमुद्रण गोन्झालेसचे. असे गाणे जाहिरातीत वापरायचे झाल्यास दोन्ही मालकांची संमती लागते आणि मोबदलाही दोन्हीकडे जातो.

टेलर स्विफ्टचे उदाहरण याहून बोलके. तिच्या पहिल्या सहा अल्बमची मूळ ध्वनिमुद्रणे २०१९ साली कंपनीबरोबर विकली गेली. रचना मात्र तिच्या होत्या. साहजिकच तिने २०२१पासून ती गाणी नव्याने गाऊन बाजारात आणण्यास आरंभ केला. एका परीने तिने स्वतःच्याच गाण्यांची कव्हर केली! अखेर २०२५च्या मे महिन्यात तिने मूळ ध्वनिमुद्रणेही विकत घेतली. रचना हातची जाऊ न देणाऱ्याच्या अंगी केवढे बळ असते, हे त्यातून दिसून आले.

दोन सेंटांचा कायदा

परवानगीवाचून दुसऱ्याचे गाणे गाण्याची मुभा अमेरिकेत कशी मिळाली, याची कथा रंजक आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे आपोआप वाजणारे पियानो घरोघरी होते. छिद्रे पाडलेल्या कागदी गुंडाळीवर ते चालत. गुंडाळ्या विकणारे रचनाकाराला छदामही देत नसत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०८ साली न्यायालयाने निकाल दिला, की कागदी गुंडाळी ही गाण्याची 'प्रत' ठरत नाही, कारण ती माणसाला वाचता येत नाही. त्यावर उपाय म्हणून १९०९च्या कायद्यात नवी तरतूद आली. रचनाकाराने एकदा आपल्या गाण्याचे यांत्रिक पुनरुत्पादन करू दिले, की पुढे कोणालाही ठरावीक शुल्क भरून तसे करता यावे. शुल्क होते प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट.

हे दोन सेंट १९७८पर्यंत तसेच राहिले! २०२३ साली हा दर बारा सेंट झाला आणि त्यानंतर तो दरवर्षी थोडाथोडा वाढत आहे. या तरतुदीनुसार गाणाऱ्याला गाण्याची मांडणी आपल्या शैलीप्रमाणे बदलता येते. मूळ चाल आणि गाण्याचा गाभा तेवढा बदलता येत नाही. चित्रपट, जाहिरात वा चित्रफीत यांसाठी मात्र हा परवाना पुरत नाही. तेथे रचनाकाराची वेगळी संमती घ्यावी लागते.

या सोयीचा वापर नेहमीच निर्मळ हेतूने झाला असे नाही. १९५०च्या दशकात कृष्णवर्णीय गायकांची गाणी श्वेतवर्णीय गायकांकडून तातडीने गाऊन घेतली जात आणि श्वेतवर्णीय श्रोत्यांना विकली जात. लिटल रिचर्डचे १९५५मधील 'टुटी फ्रुटी' पॅट बूनने काही महिन्यांतच गायले आणि लोकप्रियता यादीत ते मूळ गाण्याच्या वर गेले. नियमानुसार रॉयल्टी भरली, तरी संधी आणि नाव मूळ गायकाच्या वाट्याला तेवढ्या प्रमाणात येत नसे.

उमेदवारीची वर्षे

असे असले तरी थोर रचनाकारांची उमेदवारी दुसऱ्यांची गाणी गाण्यातच गेली, हेही खरे. २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या बॉब डिलनच्या १९६२मधील पहिल्या अल्बममध्ये तेरा गाणी होती. त्यातील अवघी दोन त्याची स्वतःची. बीटल्सच्या १९६३मधील पहिल्या अल्बमच्या चौदा गाण्यांपैकी सहा इतरांची. गाणे कसे बांधतात, धृपदाकडे कसे वळतात, कोणत्या शब्दावर स्वर लांबवायचा आणि कोठे थांबायचे, हे त्यांनी गाता गाताच आत्मसात केले. गुरूसमोर बसून बंदिशी घोटण्यासारखाच हा प्रकार.

विशेष म्हणजे डिलन आणि बीटल्स यांच्या यशानंतरच वारे फिरले. स्वतः लिहिलेले गाणे म्हणजे खरे, मनापासूनचे आणि दुसऱ्याचे गाणे म्हणजे दुय्यम, अशी समजूत रुजली. जोनी मिचेलचे 'बोथ साइड्स नाऊ' आधी ज्युडी कॉलिन्सच्या आवाजात गाजले आणि मग १९६९ साली स्वतः जोनीने ते आपल्या अल्बममध्ये गायले. आज रसिकांच्या तोंडी नाव येते ते मुख्यतः जोनीचे. गाणाऱ्यापेक्षा लिहून गाणारा मोठा, हा दंडक तेव्हापासूनचा.

त्यामुळे पॉप आणि इंडी यांच्यात एक अदृश्य भिंत उभी राहिली. पॉप म्हणजे बाजारू, इंडी म्हणजे अस्सल! २०००च्या दशकात ही भिंत ढासळू लागली आणि त्या कामी कव्हर गाण्यांचा वाटा मोठा होता.

वगळण्याची कला

'इंडी कव्हर' म्हणून जो बाज ओळखला जातो, त्याचे तंत्र मुख्यतः वगळण्याचे आहे. लय उतरवायची. ढोल-ताशांप्रमाणे अंगावर येणारा ठेका काढून टाकायचा. वाद्यमेळाच्या जागी एक गिटार वा पियानो ठेवायचा. ध्वनिक्षेपकाच्या अगदी जवळ ओठ नेऊन हलक्या आवाजात गायचे. असे केले की इतके दिवस ठेक्याखाली दबून गेलेले शब्द अचानक ऐकू येऊ लागतात. ज्या गाण्यावर लोक नाचत होते, ते गाणे किती दुःखी आहे हे तेव्हा लक्षात येते.

'मॅड वर्ल्ड' हे याचे ठळक उदाहरण. 'टिअर्स फॉर फिअर्स' या ब्रिटिश जोडीने १९८२ साली हे गाणे आणले तेव्हा ते सिंथेसायझरच्या जलद ठेक्यावर नाचण्याजोगे होते. पुढे 'डॉनी डार्को' या २००१च्या चित्रपटासाठी मायकेल अँड्र्यूज आणि गॅरी ज्यूल्स यांनी ते पियानोवर, जवळजवळ निःश्वासासारखे संथ करून बसवले. २००३च्या नाताळात ब्रिटनच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर होते. मूळ गाणे त्या यादीत तिसऱ्या क्रमांकाच्या वर कधी गेले नव्हते.

त्याच सुमारास सिएटलच्या 'सब पॉप' या छोट्या कंपनीने एक आगळा प्रयोग केला. 'द पोस्टल सर्व्हिस' या जोडीचे 'सच ग्रेट हाइट्स' हे गाणे २००३ साली आले. वेगवेगळ्या शहरांत राहणारे दोघे कलावंत टपालाने एकमेकांना ध्वनिफिती पाठवून गाणी पुरी करीत, म्हणून हे नाव. गाणे इलेक्ट्रॉनिक नादांचे. कंपनीने तेच गाणे आपल्याकडच्या सॅम बीम या दुसऱ्या कलावंताकडून गाऊन घेतले आणि त्याच तबकडीवर मूळ गाण्याच्या सोबत दिले. 'आयर्न अँड वाइन' या नावाने गाणारा बीम तेव्हा मायामीत चित्रपटकला शिकवीत असे. त्याचे गिटारवरील रूप २००४च्या 'गार्डन स्टेट' चित्रपटात आले आणि अनेकांना तेच मूळ वाटू लागले!

वगळण्याचे टोक गाठले ते 'कॅट पॉवर' या नावाने गाणाऱ्या शॉन मार्शलने. २००० साली तिने बहुतांशी दुसऱ्यांच्या गाण्यांचा अल्बम काढला. त्यात रोलिंग स्टोन्सचे 'सॅटिस्फॅक्शन' हे जगप्रसिद्ध गाणे तिने गायले. पण ज्या धृपदामुळे ते प्रसिद्ध झाले, ते धृपदच गायले नाही. ऐकणारा अखेरपर्यंत त्याची वाट पाहत राहतो आणि ते येत नाही. असमाधानाविषयीचे गाणे असे श्रोत्याला खरोखरच असमाधानी ठेवून संपते.

मराठी रसिकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. एकच बंदिश प्रत्येक घराण्याचा गायक आपल्या अंगाने मांडतो, तेव्हा तिला कोणी नक्कल म्हणत नाही. कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' या नावाने नाट्यपदे सादर केली. त्या नावातच कव्हर गाण्याचे सारे मर्म आले आहे. मूळ गायकासारखे गाऊन दाखवणे एक आणि त्याचे गाणे आपल्याला कसे उमजले ते सांगणे दुसरे. पहिल्यात हुबेहूबपणा लागतो, दुसऱ्यात समज.

एका गाण्याचा पंचवीस वर्षांचा प्रवास

लेनर्ड कोहेनने काही वर्षे खपून 'हालेलुया' हे गाणे लिहिले. ते ज्या अल्बममध्ये होते, तो १९८४ साली अमेरिकेत काढण्यास त्याच्या बड्या कंपनीने चक्क नकार दिला. गाणे तेथेच विरून जायचे. पण १९९१ साली कोहेनला मानवंदना म्हणून निघालेल्या एका संग्रहासाठी जॉन केलने ते नुसत्या पियानोवर गायले. कोहेनने लिहून ठेवलेली पुष्कळशी कडवी त्याने मागवून घेतली आणि त्यातून स्वतः निवड केली. ते ऐकून जेफ बकली या तरुण गायकाने १९९४ साली इलेक्ट्रिक गिटारवर आपले रूप सादर केले. म्हणजे हे कव्हरचे कव्हर! बकली १९९७ साली अवघ्या तिसाव्या वर्षी बुडून मरण पावला आणि त्यानंतर त्याचे गाणे अधिकाधिक लोकांपर्यंत पोहोचत गेले.

२००८च्या डिसेंबरात 'एक्स फॅक्टर' या ब्रिटिश स्पर्धेची विजेती अलेक्झांड्रा बर्क हिच्या आवाजात हेच गाणे आले. त्या आठवड्यात ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर बर्क, दुसऱ्यावर बकली आणि छत्तिसाव्या क्रमांकावर स्वतः कोहेन होता. कंपनीने झिडकारलेले गाणे एकाच वेळी तीन गळ्यांतून गात होते. काही काळ हे गाणे कोणी गाऊच नये, असे एका समीक्षकाने सुचवले, तेव्हा खुद्द कोहेननेही त्याला मिस्कीलपणे दुजोरा दिला.

या प्रवासातून एक गोष्ट ठळक होते. ध्वनिमुद्रण जुने होते, चांगली रचना होत नाही. प्रत्येक नवा गायक तिचा एकेक पदर उलगडून दाखवतो आणि त्या प्रत्येक वेळी मूळ रचनाकाराचा हक्क अबाधित राहतो.

शोधाची किल्ली आणि बेडी

२००५ साली यूट्यूब आले आणि कव्हर गाण्याला निराळेच महत्त्व प्राप्त झाले. नवोदित गायकाचे नाव कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे ते कोणी शोधत नाही. पण कालच गाजलेले गाणे लाखो लोक शोधत असतात. त्या गाण्याच्या नावाशेजारी आपले नाव लावले, की शोधणाऱ्यांपैकी काही जण वाट चुकून का होईना, आपल्या दारी येतात. जस्टिन बीबरसारखा तारा अशाच चित्रफितींतून प्रथम नजरेत भरला.

'पॉम्प्लमूस' या जॅक काँटी आणि नॅटली डॉन यांच्या जोडीने २००९ साली बियॉन्सेचे 'सिंगल लेडीज' आपल्या खट्याळ शैलीत गायले आणि ते इंटरनेटवर चांगलेच गाजले. कॅनडातील 'वॉक ऑफ द अर्थ' या चमूच्या पाच जणांनी २०१२च्या जानेवारीत एकाच गिटारवर दहा हात ठेवून गोट्ये या ऑस्ट्रेलियाई कलावंताचे गाणे वाजवले; ते कोट्यवधींनी पाहिले. गोट्येची दादही तितकीच रसिक. लोकांनी केलेल्या आपल्या गाण्याच्या असंख्य कव्हरचे तुकडे जोडून त्याने त्याच वर्षी एक नवीन चित्रफीत रचली.

तथापि पाहणारे मोजून पोट भरत नाही. लाखोंनी पाहिल्यावरही जाहिरातींतून हाती पडणारी रक्कम किती तुटपुंजी असते, याचा अनुभव काँटीने घेतला. त्यातूनच २०१३ साली त्याने 'पेट्रिऑन' हे संकेतस्थळ उभारण्यात पुढाकार घेतला. चाहत्यांनी कलावंताला दरमहा ठरावीक वर्गणी द्यावी, ही त्यामागची कल्पना. मोठ्या गर्दीपेक्षा मोजक्या निष्ठावंत श्रोत्यांवर विसंबण्याचा हा मार्ग पुढे जगभरच्या कलावंतांनी अनुसरला.

कव्हरचे दार उघडते, पण पुष्कळ जण उंबरठ्यावरच अडकतात, ही या गोष्टीची दुसरी बाजू. कव्हर टाकले की श्रोते येतात. स्वतःचे गाणे टाकले की निघून जातात. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा कव्हर! शोधाची किल्ली हळूहळू पायातील बेडी बनते. शैलीचाही साचा होतो. ब्रिटनमधील 'जॉन लुईस' या दुकानसाखळीच्या नाताळच्या जाहिरातींत दरवर्षी एखादे जुने गाणे संथ, हळव्या आवाजात येऊ लागले. यूट्यूबवरील कव्हर गाण्यांतून पुढे आलेली गॅब्रिएल ॲप्लिन २०१२ साली अशाच जाहिरातीच्या गाण्याने थेट पहिल्या क्रमांकावर गेली. चित्रपटांच्या झलकींनीही हाच मार्ग धरला. जे एकेकाळी धाडस होते ते सुगम सूत्र झाले. कोणतेही गाणे संथ केले की ते खोल होतेच असे नाही; पुष्कळदा ते केवळ संथच होते!

याला उतारा म्हणून ऑस्ट्रेलियातील 'ट्रिपल जे' या सार्वजनिक नभोवाणी वाहिनीच्या 'लाइक अ व्हर्जन' या कार्यक्रमाकडे बोट दाखवता येईल. २००४पासून चालत आलेल्या या कार्यक्रमात पाहुणा कलावंत स्वतःचे एक गाणे गातो आणि दुसऱ्याचे एक. दोन्ही शेजारी शेजारी ऐकायला मिळत असल्याने कव्हर हे स्वतःच्या गाण्याची ओळख करून देणारे ठरते. 'द विगल्स' या लहान मुलांसाठी गाणाऱ्या चमूने येथे 'टेम इम्पाला'चे रॉक गाणे गायले आणि वाहिनीच्या श्रोत्यांनी २०२१च्या सर्वोत्तम शंभर गाण्यांत त्याला पहिला क्रमांक दिला. त्यात दुःखाचा लवलेश नव्हता. होती ती निखळ मौज.

आपल्याकडे काय?

भारतातील शहरी रॉक संगीताचा आरंभही उसन्या गाण्यांनीच झाला. महाविद्यालयीन महोत्सवांत इंग्रजी वाद्यवृंदांकडून अपेक्षा असे ती विलायती गाणी हुबेहूब वाजवण्याची. १९८४ साली मुंबईत स्थापन झालेल्या 'रॉक मशीन'ने तेथूनच सुरुवात केली आणि १९८८ साली स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. पुढे हाच वाद्यवृंद 'इंडस क्रीड' झाला. २०१० साली पुण्यात 'एनएच ७ वीकेंडर' हा महोत्सव सुरू झाला तोपर्यंत स्वतःची गाणी गाणाऱ्यांची एक पिढी उभी राहिली होती.

हिंदी चित्रपटगीतांच्या बाबतीत कव्हरचा इतिहास कॅसेटच्या युगातला. १९८०च्या दशकात गुलशनकुमार यांच्या 'टी-सीरिज'ने जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्त कॅसेट बाजारात आणल्या. मूळ ध्वनिमुद्रणे दुसऱ्या कंपनीकडे असली तरी कायद्यात 'व्हर्जन रेकॉर्डिंग'ला वाव होता. त्यावरून वाद झाले. पण सोनू निगमसारख्या गायकाला 'रफी की यादें'मधूनच प्रथम घराघरांत प्रवेश मिळाला, हेही नाकारता येत नाही.

२०१२ साली स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन ३१-सी हे कलम आले. त्यानुसार मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले, त्या वर्षानंतर पाच वर्षे उलटल्यावरच कव्हर काढता येते. आधी नोटीस द्यावी लागते, रॉयल्टी आगाऊ भरावी लागते आणि ती दरवर्षी किमान पन्नास हजार प्रतींसाठी, मग प्रती विकल्या जावोत वा न जावोत. हे कव्हर आहे असे वेष्टनावर स्पष्ट छापावे लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला कोणताही बदल शब्दांत वा संगीतात करता येत नाही. अमेरिकी कायदा गायकाला आपल्या शैलीत मांडणी करण्याची मोकळीक देतो; भारतीय कायद्याचा कल मूळ रचना जशीच्या तशी राखण्याकडे. पन्नास हजारांची अट एखाद्या कंपनीला पेलवेल. खोलीत बसून गाणाऱ्या विद्यार्थ्याला पेलवणारी नाही. त्याला हक्कधारकाशी थेट बोलणी करण्यावाचून किंवा संकेतस्थळांनी कंपन्यांशी केलेल्या करारांवर विसंबण्यावाचून गत्यंतर नसते.

त्याच दुरुस्तीने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. चित्रपटासाठी लिहिणाऱ्या गीतकाराचा आणि संगीतकाराचा, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतील वाटा त्यांना कोणत्याही कराराने कंपनीला देऊन टाकता येणार नाही, असे कायद्याने ठरवले. त्यासाठी जावेद अख्तर यांनी मोठा लढा दिला होता. तोवर गाणे अजरामर व्हावे आणि ते लिहिणाऱ्याचा त्याच्याशी आर्थिक संबंध एका धनादेशापुरता राहावा, हेच चालत आले होते.

या पार्श्वभूमीवर स्वतःची गाणी स्वतःकडे ठेवणाऱ्या नव्या वाग्गेयकारांचे महत्त्व ध्यानात येते. जयपूरच्या प्रतीक कुहाडचे 'कोल्ड/मेस' २०१८ साली आले आणि पुढच्याच वर्षी बराक ओबामा यांनी आपल्या आवडत्या गाण्यांच्या वार्षिक यादीत त्याचा समावेश केला. लुधियान्याच्या अनुव जैनने 'बारिशें'सारखी गाणी अगदी मोजक्या साथीवर लोकांपर्यंत नेली. चित्रपट त्यांच्याकडे मागून आला. मराठीतही यशवंत देव, सुधीर मोघे यांनी शब्द आणि स्वर दोन्ही हाताळले; संदीप खरे यांच्या कविता रसिकांनी त्यांच्याच आवाजात ऐकल्या. आज महाविद्यालयीन मुले अशा कलावंतांचीच गाणी गिटारवर बसवतात. उसने घेणाऱ्यांच्या रांगेतून ही मंडळी उसने देणाऱ्यांच्या ओळीत जाऊन बसली आहेत.

तेच गाणे, छत्तीस वर्षांनी

११ जून १९८८. नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर मोठी मैफल सुरू होती. स्टीव्ही वंडरच्या वाद्यसंचाची हार्ड डिस्क ऐन वेळी सापडेना आणि रंगमंच रिकामा राहण्याची वेळ आली. वेळ भरून काढण्यासाठी एका नवख्या मुलीला पुन्हा पाठवण्यात आले. ती आली, गिटार घेऊन एकटीच उभी राहिली आणि 'फास्ट कार' गायली. गरिबीतून, कोंडलेल्या घरातून दूर निघून जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्या एका तरुणीचे ते गाणे. गाणारी आणि लिहिणारी ट्रेसी चॅपमन त्या एका संध्याकाळनंतर जगाला माहीत झाली. अमेरिकेच्या यादीत गाणे सहाव्या क्रमांकापर्यंत गेले.

ल्यूक कोम्ब्स हा कंट्री संगीतातील लोकप्रिय गायक १९९०चा. हे गाणे त्याने लहानपणी वडिलांच्या गाडीत ऐकलेले. २०२३ साली त्याने ते ध्वनिमुद्रित केले. गाणे स्त्रीच्या तोंडी आहे. तो पुरुष असूनही त्याने शब्द बदलले नाहीत. ते 'बिलबोर्ड'च्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले, मूळ गाण्याच्याही वर. कंट्री नभोवाणीच्या यादीत तर ते अव्वल ठरले आणि एकटीने लिहिलेले गाणे तेथे पहिल्या स्थानी नेणारी चॅपमन ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'साँग ऑफ द इयर' हा पुरस्कार तिला मिळाला. तो रचनाकाराचा पुरस्कार असतो. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय रचनाकार होय.

पॅट बूनच्या काळी मूळ गायक झाकोळला जात असे. येथे उलट घडले. कव्हर गाजले आणि त्याचा प्रकाश मूळ रचनाकारावर पडला, कारण रचनेवर नाव एकट्या चॅपमनचे होते आणि गाणाऱ्याने ते सतत आदराने घेतले. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी ग्रॅमी सोहळ्यात वर्षानुवर्षे लोकांपासून दूर राहिलेली चॅपमन पुन्हा गिटार घेऊन उभी राहिली. शेजारी कोम्ब्स. दोघांनी कडवी वाटून घेतली. तिच्याकडे पाहत तो ओठांनी तेच शब्द पुटपुटत होता. दुसऱ्या दिवशी लोक शोधू लागले ते चॅपमनचे १९८८मधील मूळ गाणे.

उसने घ्यावे आणि घेतल्याचे मोकळेपणाने सांगावे, एवढी साधी रीत पाळली गेली तर कव्हर गाण्यात कोणाचेच नुकसान नाही. श्रोत्यानेही एखादे गाणे आवडल्यावर ते कोणी गायले याबरोबरच कोणी लिहिले आणि चाल कोणाची, एवढे जरूर पाहावे. ते नाव पडद्यावर बहुधा बारीक अक्षरांत असते. पण गाण्याचा खरा पत्ता तोच असतो.